आठव्या टॉर्पेडो तुकडीचे दोन हिशेब

दुसऱ्या महायुद्धातल्या मिडवेच्या लढाईची गोष्ट ऐंशी वर्षे सांगितली जाते आणि तिच्यात पंधरा विमानांचा प्रसंग हमखास येतो. ४ जून १९४२ रोजी सकाळी अमेरिकेच्या ‘हॉर्नेट’ या विमानवाहू नौकेवरून टॉर्पेडो स्क्वाड्रन आठची पंधरा डिव्हॅस्टेटर विमाने उडाली. सोबतीला एकही लढाऊ विमान नसताना ती जपानी ताफ्यावर चालून गेली आणि पंधराच्या पंधरा समुद्रात पडली. तीस माणसांतला जॉर्ज गे हा एकटा तरुण अधिकारी वाचला. जपानी नौकांना एकही टॉर्पेडो लागला नाही. पुढची गोष्ट अशी सांगतात, की या विमानांच्या मागे लागून जपानची झिरो विमाने पाण्यालगत उतरली, वरचे आकाश मोकळे झाले आणि तिथून अमेरिकी डाइव्ह बॉम्बरनी सूर मारून तीन विमानवाहू नौका पेटवल्या. थोडक्यात, तीस जणांनी जिवावर उदार होऊन खिंड लढवली आणि त्यांच्यामुळे लढाई जिंकली गेली.

यातले प्रसंग खरे आहेत. त्यांची जोडणी मात्र तपासून घ्यायला हवी, कारण ती एकदा मान्य केली की ही विमाने का पडली, हे विचारायचे कारणच उरत नाही. विजय मिळाला, म्हणजे किंमत वसूल झाली, असे आपण धरून चालतो. या तुकडीचे दोन हिशेब वेगळे मांडले पाहिजेत, असे मला वाटते. एक, तिने काय केले. दुसरा, तिला कशाच्या भरवशावर पाठवले गेले. पहिल्या हिशेबातली जमा दुसऱ्यातल्या नावेवर टाकता येत नाही.

आधी घड्याळ पाहू. आठव्या तुकडीचा हल्ला सकाळी साधारण नऊ वीसला झाला. त्यानंतर वीसेक मिनिटांनी ‘एंटरप्राइज’ या दुसऱ्या अमेरिकी विमानवाहू नौकेवरची सहावी तुकडी युजीन लिंडसे यांच्या नेतृत्वाखाली आली. ‘यॉर्कटाउन’ या आणखी एका अमेरिकी नौकेची तिसरी तुकडी लान्स मॅसी यांच्याबरोबर दहा वाजून गेल्यावर पोचली. वेड मॅक्लस्की आणि मॅक्स लेस्ली यांचे डाइव्ह बॉम्बर ‘अकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’वर कोसळले ते दहा वीसनंतर. आठवी तुकडी संपली तेव्हापासून पहिला बॉम्ब पडेपर्यंत तासभर गेला होता. झिरोला सहा हजार मीटर उंची गाठायला सुमारे साडेसात मिनिटे लागत. नऊ वीसला खाली आलेली विमाने दहा वीसपर्यंत खालीच राहिली, हे पटण्यासारखे नाही. झिरोंना त्या नेमक्या क्षणी खाली आणि आग्नेयेला गुंतवून ठेवण्याचे श्रेय द्यायचेच तर ते मॅसींच्या तिसऱ्या तुकडीला जाते. तिची बाराही विमाने गेली, स्वतः मॅसी गेले, आणि तरी लोकांच्या तोंडी तिचे नाव क्वचितच येते.

मग आठव्या तुकडीचे बलिदान व्यर्थ गेले का? तसेही नाही. जोनाथन पार्शल आणि अँथनी टुली यांनी २००५ साली ‘शॅटर्ड सोर्ड’ या ग्रंथात जपानी नौकांच्या डेकवरचे काम मिनिटामिनिटाने तपासले, आणि खरा परिणाम तिथे दिसतो. झिरोच्या पंखांत वीस मिलिमीटरच्या दोन तोफा असत आणि प्रत्येकीत गोळे जेमतेम साठ. काही झडपा घातल्या की ते संपत. मग विमानाने उतरायचे, गोळे भरून घ्यायचे आणि पुन्हा उडायचे. विमान चढवायचे-उतरवायचे तर डेक मोकळा लागतो. उलट, मोठ्या हल्ल्यासाठी जड विमाने खालच्या हँगरमधून लिफ्टने वर आणून, रांगेत उभी करून, इंजिने तापवून सोडायला पाऊण तास लागे, आणि तेवढा वेळ डेकवर दुसरे काही करता येत नसे. शिवाय टॉर्पेडो चुकवण्यासाठी नौका गरागरा वळत असताना हे काम होणे शक्य नाही. सकाळपासून एकामागून एक हल्ले येत राहिले आणि जपानी ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल नागुमो यांना सलग पाऊण तास काही मिळाला नाही. त्यांची हल्ल्याची विमाने इंधन आणि दारूगोळ्यासकट हँगरमध्येच अडकली. बॉम्ब पडले तेव्हा नौका पेटल्या त्या आतून.

आठव्या तुकडीने जपान्यांचा वेळ खाल्ला. सकाळभर अनेकांनी मिळून खाल्लेल्या वेळातला तो एक वाटा होता. तो मोठा होता, पण किती मोठा हे मोजून सांगता येत नाही, आणि ‘त्यांनी आकाश मोकळे केले’ या वाक्याइतका तो ऐकायला भव्य वाटत नाही. मला तो खरा वाटतो, आणि खरा असल्यामुळेच त्याची किंमत जास्त वाटते.

याच तुकडीची सहा विमाने त्या पंधरांच्या सावलीत झाकली गेली, याची मला जास्त खंत आहे. आठव्या तुकडीचा एक भाग नव्या अ‍ॅव्हेंजर विमानांसाठी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मागे राहिला होता. तो पर्ल हार्बरला पोचला तेव्हा ‘हॉर्नेट’ आदल्याच दिवशी निघून गेली होती. त्यातली सहा विमाने लँग्डन फीबर्लिंग यांच्या नेतृत्वाखाली थेट मिडवे बेटावर गेली आणि ४ जूनला सकाळी सात-सव्वासातच्या सुमारास, म्हणजे ‘हॉर्नेट’च्या पंधरांच्या दोन तास आधी, जपानी ताफ्यावर तुटून पडली. सोबत लष्कराची टॉर्पेडो लावलेली चार बी-२६ विमाने होती. सहापैकी परतले एकच. बर्ट अर्नेस्ट ते चालवत होता. मागच्या मनोऱ्यातला गनर जे मॅनिंग मेला होता. सतरा वर्षांचा रेडिओमन हॅरी फेरियर डोक्याला जखम होऊन पडला होता. विमानाचे नाक वर-खाली करणारी यंत्रणा निकामी झाली होती. विमान पाण्यात जाणार, एवढ्यात अर्नेस्टचा हात सवयीने ट्रिमच्या चाकावर गेला आणि नाक किंचित उचलले. विमानाचा समतोल बारीकसा राखण्यापुरते असलेले ते चाक फिरवत, एका चाकावर, त्याने विमान मिडवेला उतरवले.

त्या वेळी नागुमोंनी ‘अकागी’ आणि ‘कागा’वरची राखीव विमाने जहाजांवर हल्ल्यासाठी टॉर्पेडो लावून तयार ठेवली होती. सात वाजता मिडवेवरच्या पहिल्या हल्ल्याचा प्रमुख तोमोनागा याचा संदेश आला, की बेटावर दुसरा हल्ला करावा लागेल. पाठोपाठ बेटावरून आलेली ही टॉर्पेडो विमाने अंगावर आली. त्यातले एक बी-२६ तर ‘अकागी’च्या ब्रिजला जवळजवळ घासून गेले. सव्वासातला नागुमोंनी टॉर्पेडो काढून जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावण्याचा हुकूम सोडला. पुढे अमेरिकी जहाजे दिसल्याची खबर आली, हुकूम फिरवला गेला, आणि सगळा घोळ हँगरमध्ये साचला. हा निर्णय एकट्या फीबर्लिंगच्या सहा विमानांनी घडवला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल, कारण तोमोनागाचा संदेश आधीच आला होता. पण बेटाकडून धोका आहे याचा डोळ्यांदेखत पुरावा त्यांनी आणि बी-२६ विमानांनीच दिला. आठव्या तुकडीचा लढाईवर सर्वांत ठळक परिणाम शोधायचा असेल तर तो या सातच्या हल्ल्यात सापडेल, असे माझे मत आहे. तुकडीतल्या अठ्ठेचाळीस जणांनी त्या दिवशी उड्डाण केले आणि पंचेचाळीस गेले. सोळा जण या सहा विमानांतले होते.

आता आठव्या तुकडीचे प्रमुख जॉन वॉल्ड्रन यांच्याकडे येऊ. वय एक्केचाळीस, साउथ डकोटातला माणूस, लाकोटा वंशाचा वारसा सांगणारा. ‘हॉर्नेट’च्या विमानदलाचे प्रमुख स्टॅनहोप रिंग यांनी जी दिशा धरायची ठरवली, तिथे शत्रू सापडणार नाही, असे वॉल्ड्रन यांचे ठाम मत होते. उड्डाणाआधी वाद झाला आणि वॉल्ड्रन यांचे चालले नाही. हवेत गेल्यावर पुन्हा रेडिओवर वाद झाला. मग वॉल्ड्रन यांनी हुकूम मोडला, डावीकडे वळले आणि आपल्या पंधरा विमानांना थेट जपानी ताफ्यावर घेऊन गेले. रिंग यांचे डाइव्ह बॉम्बर शत्रूला न बघताच परतले किंवा मिडवेला जाऊन उतरले. त्यांच्या सोबतची दहाही वाइल्डकॅट लढाऊ विमाने इंधन संपून समुद्रात उतरली.

हुकूम मोडण्याचे समर्थन करावे का? विरोधी बाजू हलकी नाही. विमानदल एकत्र राहिले तरच त्याची ताकद. टॉर्पेडो खालून आणि बॉम्ब वरून एकाच वेळी आले, तर बचाव करणाऱ्याला दोन्हीकडे पुरे पडता येत नाही. महिन्याभरापूर्वी कोरल समुद्रात ‘शोहो’ ही जपानी विमानवाहू नौका बुडवताना याच डिव्हॅस्टेटर विमानांनी हे दाखवून दिले होते. एकट्याने जाणे म्हणजे तो फायदा सोडून देणे. प्रत्येक तुकडीप्रमुख स्वतःच्या अंदाजाने वळू लागला तर नौदल चालणार नाही, हेही खरे. तरी माझा कौल वॉल्ड्रन यांच्याकडेच जातो. एकत्र राहून रिकाम्या समुद्रावर पोचण्यात कोणतीही ताकद नव्हती. चुकीच्या दिशेची किंमत ‘हॉर्नेट’च्या बाकीच्या विमानांनी त्याच दिवशी मोजली आणि लढाईच्या निर्णायक तासात ती कुठेच नव्हती. वॉल्ड्रन यांना शत्रू कुठे असेल हे कळले होते आणि आपले काय होईल याचीही कल्पना होती. लढाईआधी माणसांना वाटलेल्या टिपणात त्यांनी लिहिले होते, की शेवटी एकच विमान उरले तरी त्याने आत शिरून टॉर्पेडो लावावा. त्यांचे साथीदार हे वाचून विमानात चढले. त्यांना निव्वळ बळी म्हणणाऱ्यांना हे टिपण विसरता येणार नाही.

दुसरा हिशेब मात्र वॉल्ड्रन यांचा नाही, त्यांच्या वरिष्ठांचा आणि खात्याचा आहे.

सोबत लढाऊ विमाने द्या, अशी मागणी वॉल्ड्रन यांनी केली होती. ‘हॉर्नेट’चे कप्तान मार्क मिश्चर यांनी सगळी वाइल्डकॅट उंचावर डाइव्ह बॉम्बरसोबत ठेवली. त्यामागे कारण होते. वाइल्डकॅट चढायला झिरोपेक्षा मंद, त्यामुळे वरून झडप घालण्याची संधी मिळाली तरच त्याचा निभाव लागे. खाली पाण्यालगत ठेवलेले वाइल्डकॅट स्वतःलाच वाचवू शकले नसते, हा विचार त्या वेळच्या अनुभवाला धरून होता. ‘यॉर्कटाउन’ने जिमी थॅच यांच्यासोबत सहा वाइल्डकॅट तिसऱ्या तुकडीबरोबर पाठवली, तरी ती तुकडी वाचली नाही. म्हणजे सोबत दिली असती तर आठवी तुकडी वाचली असती, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आणखी एक चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की ‘एंटरप्राइज’ची जिम ग्रे यांची दहा लढाऊ विमाने त्या वेळी उंचावर, ढगांच्या वर होती. सहाव्या तुकडीला गरज पडली तर ती रेडिओवर बोलावेल, असे ठरले होते. ग्रे आठव्या तुकडीलाच आपली समजून तिच्या मागे गेले. हाक आली नाही, कारण वॉल्ड्रन यांना असे काही ठरले आहे हेच ठाऊक नव्हते. इंधन कमी झाल्यावर ग्रे परतले. दोन नौकांच्या विमानदलांत साध्या रेडिओ-संकेताची देवाणघेवाण झालेली नव्हती, ही चूक नशिबावर ढकलता येणार नाही.

‘एंटरप्राइज’ आणि ‘हॉर्नेट’ ज्यांच्या हाताखाली होत्या त्या अ‍ॅडमिरल स्प्रुअन्स यांच्या निर्णयाबद्दल मी जास्त नरमाईने लिहीन. त्यांनी लांब पल्ल्यावरून, सगळ्या तुकड्यांची नीट जुळणी होण्याआधी विमाने सोडली. टॉर्पेडो लादलेल्या डिव्हॅस्टेटरसाठी ते अंतर परतीच्या इंधनाच्या अगदी काठावर होते. पण जपानी विमाने मिडवेहून परतून डेकवर असतानाच त्यांना गाठायचे तर उशीर परवडणारा नव्हता. दहा वीसला जे घडले, त्याचे मूळ या घाईतच आहे. या घाईची किंमत सर्वांत मंद विमानांना मोजावी लागणार, हेही उघड होते. असे निर्णय सेनापतीला घ्यावेच लागतात. टॉर्पेडोबाबतचे निर्णय मात्र शांततेच्या काळात, टेबलाशी बसून, वर्षानुवर्षे घेतलेले होते.

मार्क १३ हा टॉर्पेडो विमानातून सोडायचा तर वैमानिकाला पाण्यापासून शंभरेक फूट उंचीवर आणि सुमारे शंभर नॉट वेगाने, सरळ रेषेत उडत राहावे लागे. त्याहून वेगाने किंवा उंचावरून टाकला तर तो बिघडे, बुडे किंवा भरकटे. पाण्यात त्याचा स्वतःचा वेग तेहतीसेक नॉट. जपानी विमानवाहू नौका तीस नॉटने पाठ फिरवून पळत असली, तर मागून येणाऱ्या विमानाला प्रत्यक्षात सत्तर नॉटच्याच वेगाने अंतर तोडता येते. म्हणजे शेवटच्या आठ सागरी मैलांना जवळपास सात मिनिटे. सात मिनिटे न वळता, न वर चढता, डोक्यावर तिप्पट वेगाची झिरो. एवढे करून टॉर्पेडो सुटलाच तर तो नौकेला जेमतेम गाठणार. जॉर्ज गे याने त्या सकाळपर्यंत कधी टॉर्पेडो लादून विमान उडवले नव्हते, नौकेवरून टॉर्पेडोसह कुणाला उडताना पाहिलेही नव्हते, हे त्याने नंतर स्वतः सांगितले. टॉर्पेडो महाग, म्हणून खऱ्या टॉर्पेडोचा सराव आणि चाचण्या कमी. त्या काटकसरीमुळे तीस जण आपल्या शस्त्राची नीट ओळख नसताना त्याच्या भरवशावर लढायला गेले.

त्याच दुपारी याची उलट बाजू दिसली. ‘हिर्यू’ या उरलेल्या जपानी विमानवाहू नौकेवरून तोमोनागा दहा टॉर्पेडो विमाने घेऊन ‘यॉर्कटाउन’वर गेला. त्याच्या विमानाची एक इंधनटाकी सकाळी फुटली होती, परत येता येणार नाही हे त्याला माहीत होते. तो आणि त्याच्या दहापैकी निम्मी विमाने गेली, पण ‘यॉर्कटाउन’ला दोन टॉर्पेडो लागले. तीन दिवसांनी ती बुडाली. धैर्यात तोमोनागा आणि वॉल्ड्रन यांच्यात डावे-उजवे करता येणार नाही. फरक होता तो जपानच्या टाइप ९१ टॉर्पेडोचा, वेगवान विमानांचा आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचा. अमेरिकी वैमानिकांच्या शौर्याने ही तूट भरून निघाली नाही. ती भरून काढली मॅक्लस्की आणि लेस्ली यांच्या वेगळ्या शस्त्राने.

लढाईनंतरची नोंदही दुसऱ्या हिशेबातच धरावी लागते. ४ जूनच्या ‘हॉर्नेट’च्या कामगिरीचा एकच अहवाल आज उपलब्ध आहे, मिश्चर यांच्या सहीचा. त्यात विमानदल नैऋत्येला गेल्याचे दाखवले आहे. त्या दिवशी उडालेल्या अनेकांच्या आठवणी आणि नंतरचे संशोधन जवळपास थेट पश्चिमेकडे बोट दाखवतात. स्प्रुअन्स यांनी आपल्या अहवालात लिहून ठेवले, की जिथे ‘एंटरप्राइज’ आणि ‘हॉर्नेट’च्या अहवालांत फरक आहे, तिथे ‘एंटरप्राइज’चा अहवाल ग्राह्य धरावा. वरिष्ठ अधिकाऱ्याने असे लिहावे, ही साधी गोष्ट नाही. मिश्चर पुढे मोठे सेनानी झाले आणि ते यश त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीने मिळवले. म्हणून ४ जूनची नोंद धूसर राहणे क्षम्य ठरत नाही. वॉल्ड्रन यांनी हुकूम का मोडला, हे समजायला रिंग यांनी कोणती दिशा धरली होती ते स्पष्ट लिहिलेले असायला हवे होते. ते नसल्यामुळे कित्येक वर्षे लोकांना फक्त वॉल्ड्रन यांचा आंतरिक कौल दिसला, रिंग यांची चूक दिसली नाही.

लढाईआधी ‘हॉर्नेट’वर या तरुणांचे थोडे चित्रीकरण झाले होते. जॉन फोर्ड या दिग्दर्शकाने त्यातून आठेक मिनिटांचा छोटा चित्रपट जुळवला आणि त्याच्या प्रती कुटुंबांकडे पोचवल्या. सरकारी गौरवही झाला. वैमानिकांना नेव्ही क्रॉस मिळाला. मागच्या आसनावर बसून झिरोंना तोंड देणाऱ्या रेडिओमन-गनरना मात्र त्याखालचा डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस. दोघे एकाच विमानात, एकाच मार्गावर, एकाच वेळी मेले. वैमानिक विमान चालवतो, निर्णय घेतो, म्हणून वेगळे पदक, हा युक्तिवाद लढाईच्या इतर दिवशी समजू शकतो. त्या सात मिनिटांत मागे तोंड करून बसलेल्या माणसाला येणारी झिरो स्पष्ट दिसत होती आणि पुढचे काहीच दिसत नव्हते. त्याच्या धैर्याला कनिष्ठ ठरवणारी फूटपट्टी मला सापडत नाही.

मिडवेनंतर डिव्हॅस्टेटर लवकरच आघाडीवरून काढून घेतले गेले. आठवी तुकडी स्वीड लार्सन यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा उभी राहिली, अ‍ॅव्हेंजर घेऊन ‘साराटोगा’वर गेली, २४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘र्‍युजो’ या जपानी विमानवाहू नौकेवरच्या हल्ल्यात लढली आणि मग ग्वादलकॅनालच्या हेंडरसन धावपट्टीवरून नोव्हेंबरपर्यंत लढत राहिली. विमान बदलले होते, पोटात टॉर्पेडो मात्र मार्क १३ हाच होता. १९४३ च्या मध्याला दीडशे नॉटहून अधिक वेगाने टाकलेल्या १०५ टॉर्पेडोंची पाहणी झाली, तेव्हा त्यातले ३१ टक्केच समाधानकारक धावले. तोंडाला लाकडी कडे आणि शेपटीला धातूचे कडे बसवून हा दोष आटोक्यात आला तो १९४४ मध्ये. त्यानंतर तोच टॉर्पेडो कितीतरी उंचीवरून आणि दुपटीहून अधिक वेगाने टाकता येऊ लागला. ही सुधारणा अवघड विज्ञानाची नव्हती. लाकूड होते, पत्रा होता, चाचण्यांसाठी समुद्र होता आणि शांततेची वर्षेही मिळाली होती.